जमिनीवर राहिलेल्या माणसांचा विमान-इतिहास

विमानांच्या इतिहासाचे कोणतेही लोकप्रिय पुस्तक उघडले, की त्यात पानोपानी वैमानिक भेटतात. गॉगल चढवलेले, हातमोजे घातलेले, छायाचित्रकाराकडे पाहून हसणारे. त्याच छायाचित्रांत मागच्या बाजूला, पंखाच्या सावलीत, तेलकट कपड्यांतला एखादा माणूस उभा असतो आणि छायाचित्राखालच्या ओळीत त्याचे नाव बहुधा नसते. गेली बरीच वर्षे मी विमानांविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहे आणि आता माझे कुतूहल त्या मागच्या माणसावर येऊन थांबले आहे. उड्डाण कोणी केले हे सहज कळते; ते विमान उडण्याच्या स्थितीत कोणी आणले, किंवा कोणाच्या हातून त्यात उणीव राहिली, हे शोधावे लागते आणि माझ्या मते खरी रंजक गोष्ट तिथेच असते. अशा काही गोष्टी इथे लिहीत आहे.

सुरुवात राइट बंधूंपासूनच करावी लागेल, पण नायक मात्र वेगळा आहे. चार्ल्स टेलर हा यंत्रज्ञ १९०१ मध्ये राइट बंधूंच्या डेटन येथील सायकलींच्या दुकानात कामाला लागला. दोघे भाऊ समुद्रकाठच्या किटी हॉकला ग्लायडरचे, म्हणजे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानाचे, प्रयोग करायला जात, तेव्हा दुकान सांभाळण्यासाठी त्यांना विश्वासू माणूस हवा होता. पुढे ग्लायडरला इंजिन बसवण्याची वेळ आली, तेव्हा भावांनी मोटारगाड्यांची इंजिने बनवणाऱ्या अनेक कारखान्यांना पत्रे लिहिली. पण हवे तितके हलके आणि तरीही पुरेसे जोरकस इंजिन करून देण्यास कोणी तयार होईना. शेवटी ते काम दुकानातल्या टेलरकडे आले. त्याच्याजवळ साधने म्हणजे एक लेथ, एक भोके पाडायचे यंत्र आणि हातातली अवजारे. रीतसर आराखडे नव्हते. तिघांपैकी कोणीतरी कागदाच्या चिटोऱ्यावर एखाद्या भागाची आकृती काढी, टेलर तो चिटोरा आपल्या कामाच्या टेबलासमोर टोचून ठेवी आणि कामाला लागे.

त्याने क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातली वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, कसा बनवला, ते मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडते. सुमारे ४५ किलो वजनाच्या पोलादी लादीवर त्याने शाफ्टची बाह्यरेषा आखली, त्या रेषेवर एकाला लागून एक अशी भोके पाडली आणि मग हातोडा-छिन्नीने भोकांमधला नको असलेला भाग तोडून काढला. उरलेला ओबडधोबड तुकडा लेथवर चढवून त्याने तो इतका कातला, की तयार शाफ्टचे वजन जेमतेम साडेआठ किलो भरले. इंजिनाचा सांगाडा स्थानिक ओतशाळेतून ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतला होता. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीच्या वेळी तो तडकला, म्हणून दुसरा ओतून घ्यावा लागला. इंजिनाला इंधन आणि हवा यांचे मिश्रण करणारा, आजच्या अर्थाने कार्ब्युरेटर नव्हता आणि स्पार्क प्लगही नव्हते. इंधन वरच्या छोट्या टाकीतून आपल्या वजनानेच खाली उतरे. सहा आठवड्यांत तयार झालेल्या या इंजिनाने सुमारे १२ अश्वशक्ती दिली, म्हणजे राइट बंधूंनी गणिताने काढलेल्या किमान गरजेपेक्षा बरीच जास्त. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले. ते पाहायला टेलर तिथे नव्हता. तो डेटनमध्ये होता.

टेलरची दुसरी कामगिरी याहूनही कमी सांगितली जाते. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने अमेरिका खंड ३० दिवसांत विमानाने ओलांडणाऱ्यास ५०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. कॅलब्रेथ रॉजर्स या वैमानिकाने १७ सप्टेंबर १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून पॅसिफिकच्या दिशेने उड्डाण केले. त्याच्या विमानावर ‘विन फिझ’ या द्राक्षाच्या शीतपेयाची जाहिरात रंगवलेली होती, कारण प्रवासाचा खर्च ते पेय विकणारी कंपनी उचलत होती. विमानाच्या बरोबर खाली, रूळांवरून, कंपनीने ठरवलेली एक खास आगगाडी धावत होती. तिच्यात सुटे भाग होते, दुरुस्तीची कार्यशाळा होती, रॉजर्सची पत्नी आणि आई होत्या आणि टेलर होता. राइट बंधू टेलरला आठवड्याला २५ डॉलर देत. रॉजर्सने दिवसाला १० डॉलर आणि वर खर्च देऊ केला. टेलर नोकरी सोडायला निघाला, तेव्हा ऑर्व्हिल राइटने त्याला राजीनाम्याऐवजी रजा घेण्याचा सल्ला दिला.

पगार वाढवून देण्याइतके काम होतेच. रॉजर्स पुन्हा पुन्हा कोसळत होता; कधी झाडावर, कधी कुंपणावर, कधी शेतात. दर वेळी गाडी थांबे, माणसे उतरत आणि विमान पुन्हा जोडत. बक्षिसाची मुदत वाटेतच संपून गेली, तरीही त्याने प्रवास सोडला नाही. ५ नोव्हेंबरला तो पॅसाडेनाला पोहोचला. तिथून समुद्रापर्यंतच्या थोड्याशा अंतरात आणखी एक अपघात होऊन त्याचा घोटा मोडला, आणि अखेर १० डिसेंबरला लाँग बीचच्या किनाऱ्यावर त्याच्या विमानाची चाके पॅसिफिकच्या पाण्याला लागली. तोवर त्या विमानाचे इतके भाग बदलले गेले होते, की न्यूयॉर्कहून निघालेले मूळचे असे मोजकेच तुकडे शिल्लक होते. ‘विमान खंड ओलांडून गेले’ हे विधान त्यामुळे जरा सांभाळूनच करावे लागते. सुट्या भागांचा एक लोंढा खंड ओलांडून गेला आणि त्याला विमानाचा आकार देत राहण्याचे काम आगगाडीतली माणसे करत होती, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. रॉजर्स पुढच्याच एप्रिलमध्ये, त्याच लाँग बीचजवळ झालेल्या अपघातात मरण पावला. टेलर १९५६ पर्यंत जगला, पण उतारवयात त्याचे पैसे जमिनीच्या व्यवहारात बुडाले आणि जगातल्या पहिल्या विमानाचे इंजिन घडवणारा हा माणूस लॉस एंजेलिसमधल्या विमान कारखान्यात तासाच्या मजुरीवर साधा कारागीर म्हणून काम करत होता.

दुसरी गोष्ट छोटी आहे, पण ऐकणाऱ्याला सहसा खरी वाटत नाही. मे १९४१ मध्ये चीनमधल्या सुइफू, म्हणजे आजच्या यीबिन येथील धावपट्टीवर उतरलेले एक डीसी-३ प्रवासी विमान जपानी बाँबफेकीत सापडले. प्रवासी आधीच दूर गेले होते, पण उजवा पंख पार निकामी झाला. ‘चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन’ या विमान कंपनीकडे डीसी-३ चा जादा पंख नव्हता. हाँगकाँगला होता तो त्याच्या आधीच्या पिढीतल्या डीसी-२ विमानाचा. डीसी-३ च्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ९५ फूट, डीसी-२ ची ८५. म्हणजे एका बाजूचा पंख पाच फुटांनी आखूड. शिवाय तो कमी वजनाच्या विमानासाठी बनवलेला. कंपनीच्या यंत्रज्ञांनी हिशेब केला आणि तो पंख एका डीसी-२ च्या पोटाखाली बांधून सुइफूला पाठवला. तिथे तो जोडला गेला, विमानाने उड्डाण केले आणि ते सुखरूप हाँगकाँगला परतले. दोन्ही विमाने एकाच कारखान्याची आणि पंख जोडण्याची रचना सारखी, म्हणून हे जमले. या जोडविमानाला वैमानिकांनी लगेच ‘डीसी अडीच’ असे नाव देऊन टाकले.

त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेली ‘पॅसिफिक क्लिपर’ची हकीगत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. बोइंग ३१४ हे पाण्यावर उतरणारे अवाढव्य चार इंजिनांचे विमान. ‘पॅन अमेरिकन’ कंपनीच्या सेवेत असलेले असे एक विमान कॅप्टन रॉबर्ट फोर्ड यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबरच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, पॅसिफिकमधल्या बेटांवर थांबे घेत न्यूझीलंडकडे चालले होते. ऑकलंड काही तासांवर राहिले असताना बिनतारी यंत्रावर पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी आली. परतीचा मार्ग बंद झाला. काही दिवस वाट पाहिल्यावर कंपनीचा आदेश आला, की पश्चिमेकडे निघा आणि पृथ्वीला वळसा घालून न्यूयॉर्कला या. या मार्गाचे नकाशे विमानात नव्हते. ऑकलंडच्या ग्रंथालयात मिळालेल्या भूगोलाच्या पुस्तकांवर आणि नकाशासंग्रहांवर भागवावे लागले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र बंद ठेवायचे होते. आणि वाटेतल्या बंदरांत कंपनीचा एकही माणूस, एकही सुटा भाग असण्याची शक्यता नव्हती.

फोर्ड यांचे धैर्य वादातीत आहे. पण ही सफर वाचताना मला सतत दोन फ्लाइट इंजिनियरांचे, म्हणजे उड्डाणात इंजिनांवर लक्ष ठेवणाऱ्या रोथ आणि पॅरिश यांचे, कौतुक वाटत राहते. बोइंग ३१४ चे पंख मुळाशी इतके जाड होते, की त्यांच्या आत अरुंद वाट ठेवलेली होती आणि फ्लाइट इंजिनियर उड्डाण चालू असताना त्या वाटेने रांगत जाऊन इंजिनाच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचू शकत असे. चालत्या इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज, खाली महासागर आणि हातात पाना, अशा अवस्थेत काम करायची त्यांना सवयच होती.

डच ईस्ट इंडीजमधल्या सुराबायाला, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, विमान पोहोचले तेव्हा आधी डच लढाऊ विमानांनी त्याला घेरले. ओळख पटल्यावर ते पाण्यावर उतरले, तर कळले की त्या पाण्यात सुरुंग पेरलेले होते. खरी अडचण पुढेच होती. विमानाच्या इंजिनांना १०० ऑक्टेनचे, म्हणजे वरच्या दर्जाचे पेट्रोल लागे आणि डच सैन्याकडचा तो साठा त्यांच्या स्वतःच्या लढाऊ विमानांसाठी राखून ठेवलेला होता. देता येण्यासारखे होते ते मोटारगाड्यांचे साधे पेट्रोल. इंजिनियरांनी तोडगा काढला: उरलेसुरले चांगले पेट्रोल वेगळ्या टाक्यांत घ्यायचे आणि उड्डाणाच्या वेळी, जेव्हा इंजिनांवर सर्वाधिक ताण असतो, तेवढ्यापुरते तेच वापरायचे, पुरेशी उंची गाठून इंजिने जरा थंडावली, की साध्या पेट्रोलवर जायचे. टाकी बदलताच इंजिने धडधडू लागली आणि फटाके वाजावेत तसे आवाज काढू लागली, पण चालत राहिली. त्याच आवाजात त्यांनी हिंदी महासागर ओलांडला. सिलोनच्या जवळ, ढगांतून खाली येताना, समोर पाण्यावर जपानी पाणबुडी दिसली आणि फोर्ड यांना घाईघाईने पुन्हा ढगांत शिरावे लागले.

सिलोनमधल्या त्रिंकोमालीहून २४ डिसेंबरला उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात एका इंजिनातून मोठा आवाज होऊन तेल वाहू लागले आणि विमान मागे फिरले. इंजिनाचा एक सिलिंडर ज्या स्टडांनी, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांनी, धरून ठेवलेला असतो, ते तुटले होते. साध्या पेट्रोलवर इंजिनांनी इतके तास धक्के खाल्ले होते, त्याचा हा परिणाम असावा असा माझा तर्क आहे. नाताळचा दिवस रोथ आणि पॅरिश यांनी त्या ब्रिटिश नौदलाच्या तळावर इंजिन दुरुस्त करण्यात घालवला आणि २६ तारखेला विमान पुन्हा निघाले. कराची, बहरीन, खार्तूम आणि तिथून काँगो नदीवरचे लिओपोल्डविल. तिथे उकाडा होता, वारा नव्हता आणि अटलांटिक ओलांडण्याइतके इंधन भरल्याने विमान कमालीचे जड झाले होते. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, पुढच्या धबधब्यांकडे धावत ते कसेबसे पाण्यावरून सुटले. इंजिने पूर्ण ताकदीवर ठेवण्याची जी मर्यादा ठरलेली होती, ती फोर्ड यांना ओलांडावी लागली. पुढे ब्राझीलचे नाताल, मग त्रिनिदाद. ६ जानेवारी १९४२ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील नियंत्रकाला एका विमानाने कळवले, की ते न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून येत असून थोड्याच मिनिटांत उतरणार आहे. एकंदर अंतर सुमारे ५०,००० किलोमीटर भरले होते.

इथवर जमिनीवरच्या आणि इंजिनाजवळच्या माणसांची कर्तबगारी झाली. पण त्यांच्याच हातून चूक घडली तर काय होते, हे सांगणाऱ्या गोष्टी अधिक शिकवतात आणि खरे तर त्याच मला अधिक खिळवून ठेवतात.

‘गिमली ग्लायडर’ची कथा अनेकांना अर्धी ठाऊक असते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे नवे कोरे बोइंग ७६७, ६९ माणसे घेऊन माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जात असताना ४१,००० फुटांवर त्याचे इंधन संपले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना कॅनडातल्या गिमली येथील हवाई दलाचा जुना तळ माहीत होता. इंजिनांविना ते अजस्र विमान त्यांनी तिथे उतरवले. ती धावपट्टी तेव्हा मोटारशर्यतींसाठी वापरात होती आणि त्या दिवशी तिथे लोक जमलेले होते, तरीही कोणाचा जीव गेला नाही. हा झाला पडद्यावर शोभणारा भाग. इंधन संपलेच कसे, हा उरलेला अर्धा भाग मात्र क्वचितच नीट सांगितला जातो.

या विमानाचे इंधन मोजणारे उपकरण दोन स्वतंत्र वाहिन्यांचे होते. त्यातल्या एका वाहिनीत सोल्डरचा एक टाका कच्चा राहिला होता आणि त्यामुळे दोन्ही वाहिन्यांचे आकडे गायब होत. एडमंटनच्या एका तंत्रज्ञाच्या लक्षात आले, की बिघडलेल्या वाहिनीचा सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी कळ, बाहेर ओढून ठेवला, तर दुसरी वाहिनी व्यवस्थित चालते. त्याने तसे केले, ब्रेकरवर खुणेची चिठ्ठी लावली आणि नोंद केली. माँट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी तो ब्रेकर पुन्हा आत दाबला. आकडे गेले. तेवढ्यात इंधनाची गाडी आल्याने त्याचे लक्ष तिकडे वळले आणि ब्रेकर आतच राहिला. चिठ्ठी मात्र जागच्या जागी होती. पिअर्सन यांनी कोरे मापक आणि चिठ्ठी पाहिली आणि आपल्याला सांगितलेला बिघाड तो हाच, असा समज करून घेतला. नियमाप्रमाणे अशा स्थितीत विमान उडायलाच नको होते.

मग टाकीतले इंधन काठीने मोजून हिशेब करायचे ठरले. कॅनडा त्या काळात दशमान पद्धतीकडे वळत होता आणि कंपनीच्या ताफ्यात ७६७ हे किलोग्रॅममध्ये हिशेब करायचे पहिले विमान होते. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो इंधन. टाकीत होते ७,६८२ लिटर. लिटरचे वजन काढायला जमिनीवरच्या माणसांनी नेहमीचा गुणक वापरला, १.७७. हा गुणक बरोबरच होता, पण पौंडांसाठी. किलोसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. उत्तर सुमारे १३,६०० आले, ते किलो समजले गेले आणि आणखी ४,९१६ लिटर पुरेल असे ठरले. प्रत्यक्षात सुमारे २०,००० लिटर भरायला हवे होते. विमान २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड घेऊन, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर निघाले. ओटावाला पुन्हा मोजमाप झाले, पण गुणक तोच होता, त्यामुळे पडताळा बिनचूक जुळला!

या हिशेबात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट गणिताची नाही. जुन्या विमानांत तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनियर, असे आणि इंधनाचा हिशेब तो करी. ७६७ हे दोघांनी उडवायचे विमान होते. तिसरी खुर्ची काढली, पण त्या खुर्चीतले हे काम पुढे कोणाचे, हे कंपनीने स्पष्ट केले नव्हते आणि नव्या मापांचे पुरेसे प्रशिक्षणही कोणाला दिले नव्हते. चौकशीत यावर नेमके बोट ठेवले गेले. विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत सेवेत होते.

शेवटची गोष्ट बोल्टांची आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. साधारण १७,००० फुटांवर कॅप्टन टिम लँकेस्टर यांच्या समोरची काच उडून गेली आणि ते कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवले. लँकेस्टर वाचले आणि काही महिन्यांत पुन्हा विमान चालवू लागले.

काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. माणसे कमी होती, म्हणून पाळीच्या प्रमुखाने ते काम स्वतःच केले. जुने बोल्ट ७डी क्रमांकाचे होते. खरे तर तिथे किंचित लांब ८डी हवे होते, पण ७डी बोल्टांनी काच आधीची काही वर्षे धरून ठेवली होती. भांडारातल्या माणसाने ८डी लागतात असे सांगितलेही होते. तरी ‘जे निघाले तेच बसवू’ या विचाराने पाळीचा प्रमुख ७डी शोधू लागला. पुरेसे मिळेनात, म्हणून तो विमानतळावरच्या दुसऱ्या, कोणी कर्मचारी नसलेल्या भांडारात गेला आणि तिथल्या अंधुक उजेडात, हातातल्या नमुन्याशी ताडून, नजरेने बोल्ट निवडले. ते निघाले ८सी. व्यासाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक. ९० पैकी ८४ जागी हे बारीक बोल्ट बसले, उरलेल्या सहा जागी जुनेच आखूड बोल्ट.

घट्ट करताना त्याला कळले कसे नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. तो ठरावीक जोर पोहोचला की ‘टक्’ करून निसटणारा स्क्रू ड्रायव्हर वापरत होता. बारीक बोल्टांचे आटे पकड न घेता निसटत होते आणि त्या निसटण्याचा हाताला लागणारा झटका अगदी त्या ‘टक्’सारखाच होता. बोल्टांची डोकी खाचेत जास्त खोल गेलेली दिसली असती, पण वाकून, हात ताणून काम करताना ती नजरेआड राहत होती. या विमानाची काच बाहेरून बसवलेली असल्याने आतल्या हवेचा सारा दाब त्या बोल्टांवरच येत होता. तरीही काचेचे काम ‘अत्यावश्यक’ यादीत मोडत नव्हते. त्यामुळे दुसऱ्या माणसाने ते तपासण्याचे किंवा हवेचा दाब देऊन त्याची चाचणी घेण्याचे बंधन कोणावरही नव्हते.